उखाण्यातला ‘स’

साईनाथकाकांच्या बायकोने, सुंदराबाईने, पंचेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव एकदाच घेतलं, आणि तेही रेकॉर्डवर. लग्नातसुद्धा ती उखाणा न घेता हटून बसली होती. चौक गावाच्या आसपास ती लग्नात धवले गायची. मुंबईच्या एका कंपनीने तिच्या गाण्यांची रेकॉर्ड काढली, तेव्हा शेवटी तिने उखाणा घेतला. दुर्दैव असं की त्या रेकॉर्डवर जिथे ‘स’ येई तिथे कुकरची शिट्टी फुटे. ‘सासर’ गेलं, ‘सून’ गेली आणि नेमकं नावही गेलं. “सूंऽऽरावांचं नाव घेते, मांडवाच्या दारी” एवढंच ऐकू यायचं.

बाई गेली त्याला रविवारी वर्ष होत होतं. वर्षश्राद्धाला सगळ्या भावकीला उखाणा कर्ण्यावर ऐकवायचं काकांनी जाहीर करून टाकलं. जन्मभर बाईने ‘अवं’वर भागवलं, आता मेल्यावर तरी नाव स्पष्ट घ्यावं, एवढीच त्या माणसाची इच्छा उरली होती.

शिट्टी घालवायचं काम, रेकॉर्ड आणि ती वाजवायच्या मशीनसकट, हायवेवरच्या पोपट मेकॅनिककडे गेलं. काम अर्धवट परत द्यायचं नाही, हा त्याचा हट्ट. त्याने आधी रेकॉर्ड शाम्पूने धुतली. शिट्टी तशीच. मग सुई हलकी चालतेय, रेकॉर्डच्या खाचेतून उडतेय असं निदान करून तिच्या दांड्यावर नाणं ठेवलं, तर सुईच मोडली. नवी सुई मुंबईहून आली. ती किती दाबून ठेवायची हे आता अंदाजाने ठरवायचं नाही म्हणून पोपट सगळं मशीन घेऊन शिळफाट्याच्या सोनाराकडे गेला. सोनाराने मंगळसूत्र बाजूला ठेवून सुईचा भार काट्यावर तोलून दिला.

शनिवारी दुपारी काका हात जोडून मशीनपुढे बसले. ‘सासर’ स्वच्छ आलं. ‘सून’ आली. काकांचे डोळे भरले. मग उखाणा आला.

“सदानंदरावांचं नाव घेते, मांडवाच्या दारी.”

सदानंद म्हणजे याच रेकॉर्डवर पेटी वाजवणारा. सुंदराबाईच्या दहाव्याला तो इतका रडला होता की काकांनाच त्याला पाणी पाजून सावरावं लागलं होतं.

सुई शेवटच्या रेघेत फिरत राहिली. पोपटने काकांचा चेहरा बघितला. त्याने सुई उचलली.

“अजून सूं होतंय, काका,” तो म्हणाला. “नाय जमलं मला.”

काकांनी जोडलेले हात सोडले.

“मलाबी नाव नाय कळलं,” ते म्हणाले.

“जुनी रेकॉर्ड हाय. एवढंच ऐकू येनार.”

“मग उद्या कर्णा नको आनू, पोपट.” काका गुडघ्यावर हात टेकून उठले. “आन सदानंद येनार हाय. त्याला भावकीच्या पंगतीत बसव रं. घरचाच हाय तो.”