ससाण्याची सोयरीक

आमच्या शेजारचे गुलाबराव पाखरू दिसलं की बोलणं अर्धवट सोडून त्याचं नातं सांगतात. अंत्ययात्रेत खांदा देतानाही ते वर बघत असतात, असं माझे यजमान म्हणतात.

समुद्रपूरला एसटीत मेकॅनिक होते. बायको वारली, नोकरी संपली, तेव्हापासून त्यांनी दिवसा उडणारी जवळजवळ सगळी शिकारी पाखरं एका कुटुंबात बसवली आहेत. "गरुड थोरला, गिधाड त्याचा चुलतभाऊ, घार अन् शिकरा धाकल्या पातीचे." घुबडाचं विचारलं तर म्हणतात, "ते रातपाळीवालं. त्याचा डेपोच अलग."

मी इथल्या शाळेत मुख्याध्यापिका. पक्ष्यांच्या धड्यासाठी त्यांनाच बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून, तेल लावून आले. फळ्यावर वंशावळ काढली. ससाणा मात्र दूर कोपऱ्यात, पोपटाशेजारी.

"हा दिसाले घारीसारखा, पण त्या घरचा नाई. पोपटाचा सोयरा आहे हा."

मुलं खिदळली. मीही हसले. "गुलाबराव, पोपट मिरची खातो, ससाणा मांस. कशाला पोरांना काहीतरी सांगता?" आणि सरळ डस्टर घेऊन ससाण्याला घारीखाली आणून बसवलं.

त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. "असन, मॅडम," म्हणाले आणि बाकावर टेकले.

तेव्हापासून पोरं त्यांना रस्त्यात पाहून "मिठू मिठू" करायची. त्यांनी शाळेसमोरून जाणं सोडलं.

पुढच्या महिन्यात वर्ध्याला प्रशिक्षण होतं. तिथल्या बाईंनी पडद्यावर तेच दाखवलं. डीएनए तपासल्यावर ससाणा घारी-गरुडांतून वेगळा काढलाय, पोपटाच्या जवळचा निघाला. माझे कान तापले.

परतल्यावर आधी त्यांच्याकडे गेले. ते चहा करत होते. "तुमचं बरोबर होतं," म्हटलं. "तेव्हाच का नाही भांडलात माझ्याशी?"

"काऊन भांडू? तुमाले त्या पोट्ट्यांसमोर रोज उभं राहा लागते. मले एकच दिवस होतं."

"उद्या वर्गात सांगते, चूक माझी होती म्हणून."

त्यांनी माझ्यापुढे कप सरकवला. "नका सांगू, मॅडम. पोट्टे हसतीन तुमाले."

सांगणार तर होतेच. पण ते नको म्हणाले तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं, आणि त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.