बेचाळीस शब्दांची चोरी

"माझं नाव ऐकलं की गुन्हेगार शहराबाहेरच्या अभनपुरातूनच गाडी माघारी वळवतात," असं नीलकंठराव स्वतःबद्दल सांगत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक भिंग घेतलं आणि चौबे कॉलोनीतल्या घरावर 'गुप्तहेर' अशी हातभर पाटी ठोकली. गुप्तहेरानं पाटी लावू नये, हे गोदावरीबाईंनी नवऱ्याला सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी!

शुक्रवारी सकाळी विनोदिनीताई आल्या. मराठी मंडळाच्या अध्यक्ष, आणि मंडळाचं नशीब असं की कथालेखिकाही. हातात स्मरणिकेची पहिली प्रत होती.

"माह्या कथेतले बेचाळीस शब्द चोरीले गेले! नायिका 'विषण्णपणे' उठत होती, आता नुसती उठून राहिली! 'अनिमिष' गेला, 'सलज्जपणे' गेला. चोर सापडेपर्यंत रविवारचं प्रकाशन बंद!"

सहा महिने दारोदार फिरून जाहिराती जमवल्या गोदावरीबाईंनी, आणि स्मरणिका अडणार कशापायी, तर 'सलज्जपणे'पायी!

नीलकंठरावांनी पानाला भिंग लावलं. "दुर्मिळ शब्दांची टोळी आहे ही. माल एव्हाना नागपूरला पोचला असेल. किंवा मग ताई, तुम्ही स्वतःच झोपेत..."

"काय बोलून राहिले तुम्ही!"

"मग उपाध्यक्ष हरिदास. महाचिक्कट माणूस. जो सुतळी साठवतो, तो शब्दही साठवतो."

ते हरिदासकडे गेले, दोन कप चहा प्याले, तांदळाच्या डब्यात भिंग घातलं आणि हाकलले गेले.

तेवढ्यात गोदावरीबाई सदर बाजारात जाऊन आल्या. स्मरणिकेची पानं तिथल्या छपाईच्या दुकानात रुचिता कॉम्प्युटरवर लावायची.

"ताईच्या कथेतले शब्द कुठं गेले गं?"

"मैंने हटाए, आंटी. ज्वेलर वाला ऐड आपने आख़िर में भेजा था ना? बोला था, कैसे भी फिट करो."

"पण हेच काहून काढले?"

"एक-एक हटाके देखा. जिसके बिना कहानी का कुछ नहीं बिगड़ा, वही हटाया."

गोदावरीबाईंना आधी हसू आलं, मग लक्षात आलं: चोर त्या स्वतःच निघाल्या होत्या.

संध्याकाळी ताई आल्या तेव्हा गोदावरीबाईंनी सगळं कबूल केलं.

"माही जाऊ," ताई म्हणाल्या, "पंधरा वर्षांत एक कथा तिनं पुरी वाचली नाही. आज टेबलावरून उचलून शेवटपर्यंत वाचली. रडली, गोदा." त्यांनी डोळे पुसले. "रविवारी होऊ दे प्रकाशन. अन् पुढच्या वर्षीही एखादी जाहिरात उशिरा आण."

नीलकंठराव मात्र आत अहवाल लिहीत होते: 'मी विद्युद्वेगाने, निर्भयपणे हरिदासच्या घरी गेलो. कमालीच्या सावधपणे चहा प्यालो. अंतिमतः विजयी मुद्रेने परत आलो.'

गोदावरीबाईंनी लाल पेन्सिल घेतली आणि रुचितासारखा एकेक शब्द काढून पाहिला. उरलं ते असं: 'मी हरिदासच्या घरी गेलो. चहा प्यालो. परत आलो.'

"घ्या," त्या म्हणाल्या, "आता लावा पाटीखाली."