थोर्सनबाईंच्या घरची किल्लीचोरी

"ज्याच्या कानातून टाचणी पडल्याचा आवाज सुटत नाही, त्याच्या हातून चोर काय सुटणार!" अशी ऑर्व्हिल टेटली यांची स्वतःविषयीची प्रामाणिक समजूत होती. मिनेसोटातल्या आमच्या सार्वजनिक रेडिओ केंद्राचे ते सगळ्यांत जुने वार्ताहर. गुप्तहेरपद त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केलेलं. त्यांच्या हातून खरंच एकही चोर सुटला नव्हता, कारण सापडलाच नव्हता.

१९९२च्या उन्हाळ्यात मी कॉलेजातून तिथे शिकाऊ म्हणून गेले आणि त्यांच्या तावडीत सापडले. शेवटच्या दिवशी दुपारी चारला माझा पहिलावहिला कार्यक्रम लागणार होता. तो लागला, तरच कॉलेज मला पास करणार. त्यासाठी आम्ही त्याच दिवशी सकाळी चाळीस मैलांवरच्या थोर्सनबाईंकडे गेलो. तिसरीचा वर्ग जन्मभर शिकवलेल्या बाई! त्यांनी मला बाहेरच्या खोलीत जुने फोटो दाखवले, तोवर ऑर्व्हिलनी स्वयंपाकघरात एकट्याने मायक्रोफोन, टेपची सगळी मांडामांड केली. मुलाखत झकास झाली. निघालो, तर गाडीच्या किल्ल्या गायब! सव्वा वाजला होता.

"चोरी!" ऑर्व्हिल आनंदाने ओरडले.

"अहो, खिशात बघा ना नीट."

"पोरी, खिशात सामान्य माणसं बघतात."

पहिला संशयित शेजारचा लाइल. त्याने गवत कापायचं यंत्र नेमकं मुलाखतीच्या वेळी बंद ठेवलं होतं. ते ऑर्व्हिलनीच हात जोडून बंद करायला लावलं होतं, पण हा मुद्दा त्यांनी किरकोळ ठरवला. लाइल भडकला आणि ट्रक घेऊन निघून गेला. आसपास तेवढी एकच गाडी होती. मला रडूच कोसळलं.

दुसरा संशयित बाईंचा कुत्रा. ऑर्व्हिलनी हेडफोन चढवून त्याच्या पोटाला मायक्रोफोन लावला.

"वाजतायत! किल्ल्या वाजतायत!"

"गळ्यातला बिल्ला आहे तो," बाई म्हणाल्या. "तिसरीतही तू असाच होतास रे."

मग स्वयंपाकघराच्या फरशीवर पाणी दिसलं.

"घाम!" ऑर्व्हिल कुजबुजले. "चोर घाबरलेला होता. आणि चांगला जाडजूड होता."

"खड्ड्यात गेला तुझा चोर. पोरीचा चेहरा बघ किती उतरलाय! थांब गं, ॲपल पायबरोबर आइस्क्रीम देते."

"फ्रिजला हात लावू नका! ठसे पुसले जातील!"

"ऑर्व्हिल, कोपऱ्यात उभा राहा."

बावन्न वर्षांचा तो माणूस मुकाट कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

बाईंनी फ्रिज उघडला. आत अंधार, आइस्क्रीमचं पाणी, आणि लोण्याच्या डब्यावर किल्ल्या.

"म्हणजे चोर तुम्ही!" ऑर्व्हिल कोपऱ्यातूनच गरजले. "पोरी, टेप लाव. यंत्र खोटं बोलत नाही!"

मी टेप अगदी सुरुवातीपासून लावली. फ्रिजची घरघर. खट्. शांतता. मग खुद्द ऑर्व्हिल: "एक, दोन, तीन, आवाजाची चाचणी. घरघर नको म्हणून फ्रिज बंद केलाय. आता गाडीच्या किल्ल्या आत ठेवतो. म्हणजे फ्रिज पुन्हा चालू केल्याशिवाय घरी जायची सोयच नाही. तीस वर्षांत एकदाही विसरलो नाही. वा, ऑर्व्हिल!"

मी टेप थांबवली.

"गुन्हेगार," ऑर्व्हिल शेवटी म्हणाले, "अत्यंत अनुभवी वार्ताहर दिसतो."

मी किल्ल्या हिसकावल्या, ऑर्व्हिलना गाडीत कोंबलं आणि धूम ठोकली. कार्यक्रम चारला लागला. मी पास झाले!

साडेचारला केंद्रात बाईंचा फोन आला. "कार्यक्रम छान झाला गं. पण ऑर्व्हिलला विचार, हा फ्रिज आता चालू करू का? की अजून ठसे घ्यायचेत?"