बन्सीधरचा बंब आणि कारबेटचा डबा

"पाणी पोचलं की काम खतम," असं बन्सीधर चावडीवर छाती ठोकून सांगायचा, आणि त्याला कुणी खोटं म्हणत नसे.

पाथरीच्या सडकेवरच्या आमच्या गावात कापसाची एक जिनिंग होती. जिनिंगचा एक लाल बंब होता, आणि बन्सीधर त्या बंबाचा जमादार. बंब म्हणजे बैलगाडीवर चढवलेली पाण्याची टाकी, दोन्ही अंगांनी हापसायचा दांडा आणि अजगराएवढा एक पाइप. पोलीस ॲक्शनला चारेक वर्षं झाली होती. निजामाबरोबर जुम्म्याची सुट्टी गेली, इतवारची आली. बंबाची कवायत तेवढी जुम्म्यालाच राहिली. त्या दिवशी निम्मं गाव जिनिंगच्या पटांगणात जमायचं. धार मारुतीच्या कळसाला शिवली की म्हातारे हात जोडायचे. ते देवाला जोडत की बंबाला, हे काही कळत नसे. करमणूक म्हणून त्या काळी एवढं पुष्कळ होतं.

अडचण एकच होती. आग लागत नव्हती. गाव जळावं असं बन्सीधरच्या मनात कधी आलं नाही. पण एखादी कडब्याची गंजी, गावाबाहेरची, कुणाचं फार नुकसान न होता पेटली तर बरं, असं त्याला अधूनमधून वाटून जायचं.

ऐन लग्नसराईत एका दुपारी गोजरबाई धापा टाकत जिनिंगच्या फाटकाशी आली.

"बन्सी, चल लवकर. आमच्या शेजारी धुरपदाच्या घरात लय वास सुटलाय. लसूण सडल्यावानी. अन् कोठीत कायतरी फुसफुस करायलंय."

"मावशी, बंब आगीसाठी असतो."

"मग आग लागल्यावर येतो का? माझी सून पाच दिसाची बाळंतीण हाय. भिंतीला भिंत लागून हाय आमची."

एवढं ऐकल्यावर बन्सीधर थांबला नाही. त्यानं घंटा बडवली, बंबाचा गाडीवान चंद्रभाननं बैल जुंपले आणि बंब खडखडत निघाला. दुकानं उघडी टाकून लोक मागं आले.

धुरपदाबाई दारात पदर नाकाला लावून उभी होती. तिचा नवरा सटवाजी वरातींना ग्यासबत्त्या पुरवायचा. तो आदल्या दिवशीच बत्त्या घेऊन ताडकळसच्या लग्नाला गेला होता. सकाळी वास आला तेव्हा धुरपदाबाईला वाटलं उंदीर मेला. मग फुसफुस ऐकू आली तेव्हा वाटलं उंदीर खाऊन नाग बसला. नागाला बाहेर काढायला गल्लीतली दोघं जण मिरच्यांची धुरी करायच्या तयारीत होती. एकाच्या हातात काडीपेटीही होती.

"ठेवा ती खाली," बन्सीधर म्हणाला. "बंब आल्यावर इथं आमच्या हुकमाशिवाय धूर होत न्हाई."

हे तो निव्वळ अधिकार गाजवायला बोलला. पण त्या दिवशी गल्ली वाचली ती त्या एका वाक्यानं.

त्यानं कोठीच्या खिडकीतून डोकावलं. अंधारात पत्र्याचा एक मोठा डबा आणि त्याला खेटून पाण्याचा रांजण. रांजण तडकून पाणी झिरपत होतं. डब्याच्या झाकणाखालून फेस येत होता. नाग नव्हता.

"ग्यास हाय," बन्सीधरनं जाहीर केलं. "सोडा पाणी."

चौघांनी दांडा हापसायला घेतला. धार खिडकीतून सरळ डब्यावर. झाकण उडालं. फुसफुशीचा सुस्कारा झाला, सुस्काऱ्याचा फुत्कार झाला. वास एवढा दाटला की देवळापर्यंतचे लोक नाक धरून मागं सरले.

"जमादार, ग्यास वाढायलाय," चंद्रभान म्हणाला.

"मरताना समदेच तडफडतात. हापस जोरात."

धुरपदाबाई इतका वेळ बघत होती. तिला पाण्याची हळहळ वाटली.

"भावजी," ती म्हणाली, "आमचे हे बत्तीत चमचाभर पाणी टाकतात अन् रातभर वरात निघते. तुमी तर आख्खा बंब वतलाव. एवढ्यात तालुक्यातली समदी लग्नं उजळली असती."

बन्सीधरनं पाइपाचं तोंड खिडकीतून बाहेर ओढलं. वरातीपुढं उभा राहून त्यानं शंभरदा बघितलं होतं. करड्या खड्यांवर वरून पाण्याचा थेंब, आणि खाली भगभगती ज्योत. कारबेटचे, म्हणजे कार्बाइडचे, तेच खडे इथं डबाभर होते, आणि सगळ्या गल्लीची मिळून एक बत्ती करायला तो घंटा वाजवत आला होता. फक्त काडी लावायची राहिली होती.

"दांडा सोडा," तो म्हणाला. "चंद्रभान, घरोघर जा. चूल, चिलीम, देवाजवळचा दिवा, समदं विझव. बोंबलू नको, पळापळ व्हईल."

मग त्याला बाळंतीण आठवली. बाजेखाली शेगडी असणार.

तो गोजरबाईच्या घरात शिरला. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं पाऊल टाकायचं नसतं, आणि गोजरबाईच्या हाताशी केरसुणी होती. पाठीत दोन बसल्या. बन्सीधर वळला नाही, बाजेखाली वाकला. फुललेली शेगडी उघड्या हातांनी उचलून त्यानं मागच्या अंगणातल्या हौदात टाकली. चर्र झालं. सून पोराला पोटाशी धरून बघत राहिली.

"मावशी, हिला अन् लेकराला देवळात न्या. आत्ता. मग पायजे तेवढं मारा."

त्याच्या हातांकडं बघून गोजरबाईनं केरसुणी खाली टाकली.

उरलेलं काम मुकाट्यानं झालं. दगडावर घासून ठिणगी उडू नये म्हणून कोरडी गोणपाटं अंथरून चौघांनी डबा गल्लीबाहेर माळावर ओढत नेला. आता पाण्याचं नाव काढलं तरी सगळ्यांना घाम फुटत होता. घराची दारं-खिडक्या उघड्या टाकल्या. ऊन उतरेपर्यंत वाऱ्यानं वास पांगवला. कुणाचं गवताचं पातंसुद्धा जळालं नाही.

बन्सीधर हातांना गायीचं तूप लावून जिनिंगच्या पटांगणात बंबाजवळ बसला होता. तेवढ्यात गोजरबाईच्या मागं गल्लीतल्या बाया आल्या.

"बन्सी, दिस मावळायलाय. सुनेला शेक द्यायचाय. समद्या चुली थंड हायत."

"मग पेटवा की, मावशी."

"काडी वढायची कुणाची छाती व्हईना. तूच पयली पेटव. काय झालं तर बंब हायच."

त्या वेळी एका घरची चूल विझली की शेजारून विस्तव आणायची रीत होती. पण त्या दिवशी शेजारही विझलेला होता. शेवटी बन्सीधरनं जिनिंगच्या भट्टीतून घमेलंभर निखारे घेतले, फडक्यांत गुंडाळलेल्या हातांनी ते डोक्यावर धरले आणि गल्लीत शिरला. पहिली बाळंतिणीची शेगडी पेटवली. तो वाकला तेव्हा दारात उभ्या बायांनी डोळे मिटून घेतले. शेगडी फुलली, भडका झाला नाही, तशा पुढच्या दारांतून हाका यायला लागल्या.

इकडे ताडकळसहून परतलेल्या सटवाजीला फाट्यावरच कुणीतरी सांगितलं की बंब तुझ्या घरी गेलाय. तो बत्त्या तिथंच टाकून पळत सुटला. गल्लीच्या तोंडाशी पोचला तर बंब कुठंच नाही. बंबाचा जमादार मात्र डोक्यावर निखारे घेऊन त्याच्याच दाराकडं निघाला होता.

"बन्सी," सटवाजी कसाबसा म्हणाला, "माझ्या घराला आग लावतोस का काय?"

"लावतो की," बन्सीधर म्हणाला. "चूल कुठं हाय तेवढं दाव. अजून तीन घरं राह्यलीत."