मिसाळ सर आणि त्यांची उकरी

मिसाळ सर तेराव्याच्या पंगतीतसुद्धा भूमिका वाटतात. आमच्या कुंभार पिंपळगावात मागे असंच एक तेरावं होतं. सरांनी वाढणाऱ्या एका माणसाच्या हातातला तांब्या धरून त्याला बजावलं, "तुमी फक्त पानी. वरणाला हात लावायचा न्हाई. आपली भूमिका बराबर समजून घ्या." तो माणूस मयताचा थोरला जावई होता. बिचारा शेवटच्या पंगतीपर्यंत पाणी वाढत राहिला.

आम्ही दोघं एकाच शाळेत. मी गणित शिकवतो, सर मराठी. रोगाचं मूळ त्यांच्या वर्गातच आहे. नववीला ते पाठ्यपुस्तकाबाहेरची एक कादंबरी वाचायला लावतात आणि चार-चार पोरांचे गट पाडतात. प्रश्न उकरून काढणारा तो उकऱ्या, अवघड शब्द वेचणारा वेच्या, गोष्ट आपल्या गावाशी जोडणारा सांध्या आणि सगळं थोडक्यात सांगून संपवणारा आटप्या.

ही नावं पोरांना चिकटतात. एक आई शाळेत भांडायलाच आली. "माझ्या लेकराला आटप्या काहून म्हनता? सगळी गल्ली चिडवून राह्यली."

"ताई, आपल्या हेडमास्तरांना सुदीक आटपता येत न्हाई, तुमच्या लेकराला येतं," सर म्हणाले. हेडमास्तर त्यांच्या मागेच उभे होते.

एकदा नायिकेनं सासर सोडावं की नाही, यावरून त्या वर्गात दोन गटांची झोंबाझोंबी झाली. मी भिंतीपलीकडून धावत गेलो, तर सर टाळ्या वाजवत होते. "पुस्तकावरून भांडून राह्यले सर, क्रिकेटवरून न्हाई!"

तेवढ्यात मागून सविता नावाची पोरगी उठली. ती तिच्या गटाची उकरी. "सर, ती सासर सोडून गेली. मंग तिच्या शेळ्या कुनी बांधल्या?"

पोरं पुस्तकाची पानं उलटून शोधू लागली. कादंबरीत याचं उत्तर नव्हतं. सरांनी तो प्रश्न स्टाफरूममध्ये, चहाच्या टपरीवर आणि पोस्टातसुद्धा सांगितला.

दिवाळीनंतर सविता दिसेनाशी झाली. आईबाप अंकुशनगरकडे ऊसतोडीला गेले होते आणि धाकट्या भावाला सांभाळायला तिला सोबत नेलं होतं. कादंबरी अर्ध्यावर होती. हेडमास्तर म्हणाले, "उकऱ्या दुसरा नेमा."

"जमत न्हाई सर. तिचे प्रश्न तिच्यासंगं गेले, ते दुसऱ्याला कुठून येतील?"

रविवारी सरांनी जीप ठरवली, गटातली उरलेली तीन पोरं भरली आणि मलाही ओढलं. माझी भूमिका काय, असं मी विचारलं. "मागं बसा अन् गणित काढू नका."

तोडणी कामगारांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उसाच्या फडाच्या कडेला होत्या. सविता भावाला कडेवर घेऊन बाहेर आली आणि आम्हाला बघून परत आत पळाली. गटातल्या तिच्या मैत्रिणीनं तिला हाताला धरून आणलं. बैलगाडीच्या सावलीत गट बसला आणि कादंबरी थांबली होती तिथून चर्चा सुरू झाली. सविता आधी लाजली. मग एक प्रश्न आला, मग दुसरा, मग तिला आवरेना. भाऊ माझ्या मांडीवर आला होता. त्यानं माझा चष्मा चाटून स्वच्छ केला.

उसाच्या शेंड्यांचे हिरवे वाढे बांधता बांधता तिची आई मध्येच म्हणाली, "ती बाई शेवटाला माघारी येती का?"

सर खुलले. "तुमाला काय वाटतं, आक्का?"

"येऊ ने तिनं," आई पटकन म्हणाली आणि नवऱ्याकडे बघून पुन्हा वाढे बांधू लागली.

बाप कोयत्याला धार लावत राहिला. आम्ही निघालो तेव्हा जीपपाशी येऊन म्हणाला, "आत्याकडं ठिवतो हिला. गावातच हाये ती. पोराचं आमी बघतो." आणि संक्रांतीनंतर सविता खरंच वर्गात आली.

त्या रविवारी परतताना पोरं एकमेकांच्या अंगावर झोपली होती. मी सरांना म्हणालो, "एका पुस्तकासाठी एवढा खटाटोप?"

सर बाहेर बघत होते. "आमची मंडळी होती तवर जेवताना मी तिला वाचलेलं सांगायचो. ती म्हनायची, थांबा, भाजी वाढते, मंग सांगा. आता पुस्तक संपलं की मिटून ठिवतो. घरात कोन हाये ऐकायला?"

 मी विचारलं, "सध्या काय वाचून राह्यले?"

सर वळून बसले. वाटेत तीर्थपुरी आली, गेली, ते सांगतच होते.