मोतीरामचं काजळ

मुर्री गावच्या चावडीपुढे कवडू कोतवालाने दवंडी दिली, तेव्हा धुरपताबाई अंगणात धान पाखडत होती. सूप हातातच थांबलं.

"आयका हो! गोंदियाले साहेबाचं कोंबड्याइचं परदर्शन हाय! पांढरा असंन त पांढराच पायजे, लाल असंन त लालच! येकही पीस दुसऱ्या रंगाचं चालनार नाही! तुरा सरळ पायजे, शेपटी पुरी पायजे!"

पुढचं ऐकायची धुरपताबाईला गरजच नव्हती. साठीला टेकलेल्या बाईला एवढं कळत होतं, की माणूस कोंबड्याचा रंग एकाच कामासाठी तपासतो. मरीमायला काळी लागते, मातामायला लाल, रानातल्या देवाला पांढरा; आणि नवसाच्या जिवात खोट चालत नाही. रश्शात टाकायच्या कोंबड्याचा तुरा कधी कोणी निरखला होता का?

"साहेबानं नवस बोलला हाय," तिने नवऱ्याला, उदारामला सांगितलं. "मोठा दिसते. साऱ्याच रंगाचे कोंबडे मागून राहिला."

"साहेबाले कोनता देव?" उदारामने चिलीम तोंडातून काढली.

"कोनताही असो. तुमच्यापरीस चोखंदळ हाय."

तिकडे मोतीराम उकिरडा उकरत होता. पेजेवरच्या सायीसारखा पांढरा. पिल्लू असताना घारीच्या पंजातून सुटला, तो थेट धुरपताबाईच्या सुपात येऊन पडला. तेव्हापासून तांदळाची कणी तो तिच्या तळहातावरूनच खाई. सुनांना मात्र त्या हाताचं एकच बोट ठाऊक होतं, त्यांच्या चुका दाखवणारं. असा हा मोतीराम, आणि कवडूने त्याचं नाव आधीच प्रदर्शनाच्या चिठ्ठीत घातलेलं. गावच्या जमीनदाराचा, मालगुजाराचा हुकूम. नेला नाही असं चालणार नव्हतं.

कुंपणावरून धाकटी जाऊ रुख्मा डोकावली. तिचाही कोंबडा पांढराच, मोतीरामचंच पोर. अंडी धुरपताबाईनेच दिलेली, आणि हे ती रुख्माला महिन्यातून दोनदा ऐकवी.

"बाई, पयल्या नंबरले बिल्ला भेटते म्हनते!"

"बकऱ्याच्या गळ्यातही हार घालतात वं, येडे. मंग काय करतात?"

"काही नाही होत. मी त नेतो."

"ने. येताना पिसं घेऊन येजो, उशी भरू."

प्रदर्शनाच्या सकाळी धुरपताबाईने तोड काढली. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ तेलात कालवलं आणि मोतीरामच्या मानेला गच्च चोपडलं. मग शेपटी काळी केली. उरलेलं पंखांच्या टोकांना पुसलं. "खोटवाला जीव कोनताच देव घेत नाही," ती त्याच्या कानात म्हणाली. "जाय, गोंदिया पाहून ये."

मांडवात कोंबड्यांच्या रंगांप्रमाणे पिंजरे लागले होते. साहेब हातात जाड पुस्तक घेऊन एकेका कोंबड्याचा पंख उघडून पाहत होता, नवरी पाहायला आलेल्या सासूसारखा. पांढऱ्यांत रुख्माचा कोंबडा पहिला आला. बिल्ला बांधला गेला. धुरपताबाईने त्याच्याकडे पाहून हात जोडले.

मग साहेब मोतीरामपुढे आला आणि थबकला. भराभर पानं उलटली. एका पानावर चित्र होतं: अंग पांढरं, मान काळी, शेपटी काळी, पंखांची टोकं काळी. साहेबाच्या मुलखातली जात. विलायत सोडल्यापासून त्याने ती पाहिली नव्हती. त्याचा चेहरा असा फुलला, जसा माहेरचा माणूस भेटल्यावर फुलतो.

कारकून छोटेलालने विचारलं, "बाई, साहब पूछते हैं, ये जात कहाँ की?"

"जात? आमच्याच घरची. काऊन?"

"साहब बोलते हैं, सारे मांडव में ऐसा दूसरा नहीं! सबसे ऊपर यही!"

धुरपताबाईच्या पायाखालची जमीन सरकली. वाचवायला लावलेलं काजळच गळ्याशी आलं होतं! साहेबाने मोतीरामला उचलून छातीशी धरलं, तशी ती वाघिणीसारखी पुढे झाली आणि पदराने कोंबड्याची मान खसाखसा पुसू लागली.

"खोटा हाय, साहेब, खोटा! पाहा, काजळ! तुमच्या देवाले चालनार नाही! कापू नका माह्या लेकराले!"

मान पांढरी झाली. पदर काळा झाला, आणि साहेबाचा कोटही. मांडव हसून लोटपोट. छोटेलालने डोळे पुसत तिला समजावलं, "अरी बाई, यहाँ काटते नहीं! इनाम देते हैं!"

छोटेलालने सगळं समजावून सांगितल्यावर साहेबही हसला. धुतलेल्या मोतीरामचा पंख उघडून त्याने पीसन् पीस पाहिलं आणि हळहळला. पोरापेक्षा बाप सरस होता. पण रंगवलेल्या पक्ष्याला त्याच्या पुस्तकात जागा नव्हती.

परतीच्या बैलगाडीत रुख्मा मुसमुसत होती. तिच्या हातात बिल्ला होता, कोंबडा नव्हता. पहिल्या नंबरचा कोंबडा पैदाशीसाठी वर्षभर सरकारी कोंबड्यांत ठेवायचा नियम होता.

"जीवानिशी त गेला नाही ना," उदाराम म्हणाला. "सरकारी जावई झाला."

"पन भावजी, बिल्ला बांग नाही देत," रुख्मा म्हणाली.

धुरपताबाईच्या जिभेवर गोंदियापासून एक टोमणा तयार होता. आयुष्यात पहिल्यांदा तिने तो गिळला, आणि मोतीरामला रुख्माच्या मांडीवर ठेवलं.

"घे. आजच्यापुरता. बाप हाय, बांग तशीच देईन."

दुसऱ्या दिवशी पहाटे बांग कुंपणापलीकडून आली. धुरपताबाई कणी घेऊन उंबऱ्यावर बसली. थोड्या वेळाने मोतीराम डौलात घरी आला. अंगाला कुठे डाग नव्हता. फक्त तुऱ्याच्या मागे, दृष्ट लागू नये म्हणून कोणीतरी बोटाने लावलेला काजळाचा एक ताजा ठिपका होता.

धुरपताबाईने तो निरखून पाहिला. मग रुख्माला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "येवढंसंच काजळ? कंजूस कुठची!"