आठ हातांचा कंडक्टर

नेकनूरला एका दहाव्याला कावळा शिवेना. तास झाला, दीड तास झाला. मयताच्या पोरानं हात जोडून सगळं कबूल करून टाकलं. धाकट्याला सांभाळतो म्हणाला, बांधाचं भांडण मिटवतो म्हणाला, शेवटी दारू सोडतो म्हणाला. तरी कावळे आपले लिंबावर बसून खाली बघतायत. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की ते भागवतअण्णांकडं बघतायत.

भागवतअण्णा आमचे शेजारी. वय चौसष्ट, एसटीतले रिटायर कंडक्टर. पांढऱ्या कपड्यांच्या त्या गर्दीत अण्णा काळा टी-शर्ट घालून उभे होते. छातीवर एक जांभळा ऑक्टोपस, आणि तो आठही हातांनी तिकिटं फाडत होता.

"अण्णा, जरा मागं व्हा. कावळा बुजतोय," एक पुढारी म्हणाले.

"कावून? त्याला काय तिकीट काढायचंय का?" असं म्हणून अण्णा कुरकुरत झाडामागं गेले. पाचव्या मिनिटाला कावळा शिवला. तेव्हापासून त्या गावात कुणी गेलं तर अण्णांना निरोप धाडत नाहीत.

मागच्या महिन्यापर्यंत अण्णांकडं असे सतरा टी-शर्ट होते. बँकॉकचे, जकार्ताचे, सोलचे. मोठ्या कंपनीचा एकही नाही. तिकडं दोन-चार पोरं एका खोलीत छपाई करतात, एका चित्राचे शंभरेक नग काढतात, संपले की संपले. हा माल अण्णा माझ्या दुकानातून मागवतात. माझं बीडला कोर्टासमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. सातबारा, पीक विमा, भरतीचे अर्ज, एवढीच माझी अक्कल. तर अर्जाची शेवटची तारीख म्हणून पंधरा पोरं घामाघूम उभी असतात, आणि हा माणूस मधी घुसून म्हणतो, "संज्या, जकार्ताचं उघड. आज नवा माल सुटणार हाय." वर त्या पोरांनाच दटावतो, "पुढं सरका, पुढं सरका."

कापडावर तर त्यांचं कीर्तनच असतं. "हात लावून बघ बे. दोनशे चाळीस जीएसएम, जाडजूड सूत. धुताना उलटा करायचा, सावलीत वाळवायचा. चित्रावर इस्त्री फिरवलीस तर हात मोडीन." मी कशाला फिरवू? ज्या माणसानं जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नाही, असं काकू सांगतात, तो हे टी-शर्ट बायकोला हातही लावू देत नाही. एकदा नारायणगडावर दर्शनाला ते हिरव्या चार डोळ्यांच्या भुताचा टी-शर्ट घालून गेलते. एका म्हातारीनं त्या भुताला हात जोडले. अण्णांनी तिला खुशाल आशीर्वाद दिला.

एकदा माझं डोकंच फिरलं. बँकॉकच्या दुकानात एक झकास वाघ होता आणि अण्णा मात्र शिंगवाल्या बेडकावर अडून बसले होते.

"अण्णा, वाघ घ्या की. माणसात शोभंल तरी."

"न्हाई. त्याच्यावर सही न्हाई."

"कुणाची सही?"

त्यांनी अंगातल्या ऑक्टोपसची कड माझ्यापुढं धरली. कोपऱ्यात बारीक अक्षर होतं, 'रो'.

रो म्हणजे रोहिणी, अण्णांची एकुलती एक पोरगी. बारावी झाली आणि ती बेंगळुरूला निघून गेली. तिकडं चित्रं काढते, आणि ही परदेशातली दुकानं ती छापतात. सहा वर्षं झाली, आईशी बोलते, अण्णांचं नाव निघालं की फोन ठेवते. एवढं मला ठाऊक होतं. का, ते अण्णांनी त्या दिवशी सांगितलं.

"परीक्षा तोंडावर, आन् हिच्या फिजिक्सच्या वहीत नुसती चित्रं. मी वही बंबात घातली. तिच्यासमोर." मग टी-शर्टची कड सारखी करत म्हणाले, "घालायच्या आधी एकेक पान बघितलतं. रागानं बघितलं, पण बघितलं. हा आठ हातवाला त्यातलाच. मीच हाय तो. साठ-सत्तर पानं असतील. सतरा आली परत."

इतकी वर्षं मी ह्या माणसाची चौकात टिंगल केली होती. मला माझीच लाज वाटली.

मागच्या महिन्यात सोलच्या दुकानात नवं चित्र आलं. तांब्याचा बंब, वरून धुराऐवजी वहीची पानं उडतायत, आणि शेजारी खाकीतला एक माणूस पाठमोरा उभा. खाली 'रो'. अण्णांनी स्क्रीनला नाक लावून ते बघितलं.

"हे पान वहीत नव्हतं," ते म्हणाले.

पार्सल आलं त्या दुपारी त्यांनी तो टी-शर्ट दुकानातच अंगात घातला. "फोटू काढ. तिला धाड."

"काय लिहू?"

"लिही. पाठमोरा माणूस मी हाय. वही जाळली, लई चुकलं. चित्र भारी आलंय."

काकूंकडनं नंबर घेऊन मी धाडलं. अण्णा स्टुलावर बसून राहिले. चहा सांगितला तर नको म्हणाले. चारच्या सुमाराला उत्तर आलं. मी मोठ्यानं वाचलं, "अण्णा, खांद्यात लई ढगळ होतोय. एवढे कशानं वाळलात?"

त्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला, पुन्हा वाचला, आणि परत दिला.

"लिही," ते म्हणाले, "आता अंगानं भरतो म्हणावं." आणि भरतीच्या पोरांसमोर, तोंडावर हातही न घेता, ढसाढसा रडले.